जुन्या गाडीच्या काचेवर पाणी येत नाही, खाली मात्र गळतंय: घरच्या घरी दुरुस्ती

वायपरची दांडी ओढली की मोटर घुरघुरते, काचेवर जेमतेम दोन थेंब पडतात आणि बोनेटखालून धार जमिनीवर. जुन्या गाडीच्या वॉशरचं, म्हणजे काचेवर पाणी मारणाऱ्या यंत्रणेचं, हे दुखणं तसं साधं. पण त्यासाठी गॅरेजला कोण जाणार म्हणून बहुतेक जण दाराच्या खणात पाण्याची बाटली आणि फडकं ठेवून वर्षं काढतात. सोलापुरात सात रस्ता ते जुळे सोलापूर एवढंच फिरणं असेल तर चालूनही जातं. पुणे हायवेला उजनीच्या आसपास संध्याकाळी काचेवर चिलटांचा थर बसला, त्यावर कोरडा वायपर फिरून सगळं चोपडं झालं, समोरून ट्रकचे दिवे आणि पुढे मागचा लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली, की मग ती दारातली बाटली काही कामाची नसते.

मारुती ८००, झेन, जुनी अल्टो, सँट्रो, इंडिका अशा गाड्या डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. यातल्या बऱ्याच कंपनीनं कधीच बंद केल्या, ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. पण वॉशरचे सुटे भाग आजही बाजारात सहज मिळतात. पान्याला कधी हात न लावलेल्या माणसालाही हे काम जमतं. एक सुट्टीची सकाळ हाताशी ठेवा आणि ऊन चढायच्या आत सुरू करा, कारण मे महिन्यात दहानंतर बोनेटला हात लावणं म्हणजे शिक्षा.

कामाला हात घालण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. आपल्याकडे नळी फुटते किंवा निसटते ती बऱ्याचदा पुढचं नोझल, म्हणजे काचेवर पाणी उडवणारं बारीक तोंड, क्षारानं चोंदलेलं असतं म्हणून. मोटर पाणी ढकलते, पुढे वाट नाही, मग पाणी सगळ्यात कच्चा जोड शोधून तिथून बाहेर पडतं. म्हणून नुसती नळी बदलली आणि नोझल तसंच ठेवलं, तर महिना-दोन महिन्यांत तेच पाणी दुसऱ्या जोडातून गळणार. नळी आणि नोझल दोन्ही एकाच बैठकीत उरकायचं.

गळतंय ते नेमकं काय?

गाडीखाली ओलं दिसलं की लगेच वॉशरवर संशय घेऊ नका. उन्हाळ्यात एसी चालू असला की डाव्या बाजूला, डॅशबोर्डच्या खालच्या भागातून स्वच्छ पाणी टपकतं. ते टपकायलाच हवं. हिरवट, गुलाबी किंवा निळसर, बोटांना बुळबुळीत लागणारं आणि गोडसर वास असलेलं पाणी म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरचं पाणी. ते गळत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि गाडी न चालवता मिस्त्रीला बोलवा. इंजिन तापून बसलं तर खर्च हजारांत जातो. कूलंट विषारी असतं, त्यामुळे वास घेऊन आणि बोटांवर चोळून बघा, चव मात्र घेऊ नका. कुत्र्या-मांजरांनाही त्या डबक्यापासून लांब ठेवा. तेलाचा डाग तर ओळखू येतोच.

वॉशरचं पाणी गाडीच्या पुढच्या एका कोपऱ्यात पडतं, साध्या पाण्यासारखं असतं, फार तर शाम्पूचा वास येतो. खात्री करायची असेल तर बाटलीत जिलेबीत घालतात तो खायचा रंग चिमूटभर टाका. तो पूर्ण विरघळतो, नळीत गाळ धरत नाही. गळती कुठून येतेय हेही त्यानं पटकन दिसतं. फक्त पांढऱ्या गाडीवर तो वाळू देऊ नका, लगेच धुऊन टाका.

आणि बोनेट उघडलंच आहे तर दोन बाटल्यांतला फरक बघून ठेवा. जुन्या गाड्यांत वॉशरची बाटली आणि रेडिएटरची जास्तीच्या पाण्याची बाटली, दोन्ही पांढरट प्लॅस्टिकच्या. वॉशरच्या झाकणावर काच आणि कारंज्याचं चित्र असतं, आणि बाटलीच्या बुडाशी छोटी मोटर व दोन वायरी. दुसऱ्या बाटलीची नळी थेट रेडिएटरच्या तोंडाशी जाते. नवीन माणूस हमखास कूलंटच्या बाटलीत शाम्पूचं पाणी ओततो. झाकणावरचं चित्र पुसलं गेलं असेल तर नळी हातानं धरून कुठवर जाते ते बघा.

काय काय लागेल

पक्कड, पेचकस, १० नंबरचा पाना, कटरचं पातं, बारीक टाचणी, मेडिकलमधून सुईशिवायची २० किंवा ५० मिलीची सिरिंज, मोबाइलचा टॉर्च, जुने पेपर आणि एक जुना सोलापुरी टॉवेल. बाकी नळी, जोड, रबर वगैरे कुठे गळतंय ते कळल्यावरच आणायचं. आधीच सगळं विकत आणून बसणारे असतात, त्यांच्या घरात मग न लागलेले पार्ट पडून राहतात.

खाली एक टब ठेवा. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावात तपासणीचं पाणी गटारात सोडणं जीवावर येतं. टबात पडलेलं गाळून पुन्हा बाटलीत ओतता येतं.

इंजिन पूर्ण गार हवं. किल्ली काढलेली असली तरी काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा आपोआप फिरू शकतो, म्हणून त्याच्या पात्यांजवळ हात घालायची वेळ आली तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

कधी गळतं, यावरून कुठे गळतं ते कळतं

पाण्याचा रस्ता सरळ आहे. बाटली, बुडाशी रबराच्या गोल बुशमध्ये बसलेली मोटर, तिथून पातळ नळी, मध्ये इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा जोड, काही गाड्यांत पाणी मागे जाऊ न देणारा छोटा व्हॉल्व्ह, आणि शेवटी बोनेटवर किंवा काचेच्या खालच्या जाळीत दोन नोझल. या रस्त्याचे दोन भाग करा. मोटरच्या आधीचा भाग गाडी उभी असतानाही गळतो. मोटरच्या पुढचा भाग बहुतेक वेळा दांडी ओढली तरच गळतो; फक्त मोटरच्या तोंडावरची, पाण्याच्या पातळीखालची नळी उभ्या गाडीतही गळू शकते. एवढ्यावरच अर्धं निदान झालं.

उभ्या गाडीचं बघायला रात्री बाटली गळ्यापर्यंत भरा, पातळीला चिकटपट्टीची खूण करा, खाली पेपर पसरा आणि झोपा. सकाळी पातळी खाली आली असेल तर कुठे येऊन थांबली ते बघा. मधेच कुठेतरी थांबली आणि पुढे उतरत नसेल तर तडा बहुधा त्या उंचीवर आहे. पार तळाला गेली तर रबरी बुश, मोटर किंवा तिच्या तोंडावरची नळी. पातळी हललीच नाही तर बाटली निर्दोष, पुढचा सगळा दोष नळीकडे. काही गाड्यांत बाटली बंपरच्या किंवा चाकावरच्या प्लॅस्टिकच्या आड असते, वर फक्त नरडं दिसतं. तिथं लांब काडी घालून माप घ्या.

बरेच मिस्त्री हे न बघता पहिल्या झटक्यात बाटली बदलायला सांगतात. बाटली बदलणं त्यांना सोपं, बिलही बरं होतं. माझ्या मते बाटली ही संशयितांच्या यादीत शेवटची.

चालू असतानाची गळती बघायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून किल्ली फिरवायची, इंजिन चालू न करता, आणि दांडी तीन-चार सेकंद ओढायची. दुसऱ्यानं बोनेटखाली टॉर्चचा उजेड मारत बघायचं. नळीच्या जोडांखाली कोरडा पेपर धरला की बारीक फवारासुद्धा लगेच उमटतो. दांडी दहा सेकंदांच्या वर ओढून धरू नका आणि बाटली रिकामी असताना तर अजिबात नाही. या मोटरला पाणीच थंड ठेवतं, कोरडी फिरली की जळते.

नळी

बहुतेक गळत्या इथंच सापडतात, म्हणून इथं घाई करू नका.

पहिली जागा मोटरच्या तोंडावर नळी चढवलेली असते ती. दुसरी टी-जोडाची तिन्ही तोंडं. तिसरी नोझलच्या खालची. या तिन्ही ठिकाणी नळी ताणून बसवलेली असते, आणि बोनेटखालच्या उष्णतेनं तिच्यातला मऊपणा वर्षानुवर्षं उडत जातो. नळी पिवळट होते, नखानं दाबली तर दबत नाही, आणि अगदी टोकाच्या अर्ध्या इंचात उभी चीर जाते. ही चीर नुसतं बघून दिसत नाही. नळी जोडापाशी थोडी वाकवा, मग ती उघडते. वाकवणं सोडलं की परत मिटते. जोडाभोवती पांढरं क्षाराचं कडं जमलेलं दिसलं तर तिथून बरेच दिवस थेंब थेंब जातोय असं समजा. कोरड्या गाडीतही ते कडं तुम्हाला गळतीची जागा सांगतं.

चौथी जागा लोकांच्या लक्षातच येत नाही. नोझल बोनेटवर असेल तर नळी बिजागरीपाशी गाडीच्या अंगावरून बोनेटवर जाते. बोनेट जितक्या वेळा उघडलं तितक्या वेळा ती तिथं वाकली आहे. बोनेट उघडं असताना ती सरळ असते आणि काही गळत नाही. बोनेट मिटलं की दुमडते आणि मग गळते. म्हणून बोनेट उघडं ठेवून केलेल्या तपासणीत सगळं ठीक निघालं तरी विश्वास ठेवू नका. तो तुकडा हातानं वाकवून दांडी ओढायला सांगा.

आणि पाचवं कारण म्हणजे उंदीर. गाडी आठ-पंधरा दिवस एका जागी उभी असली आणि शेजारी धान्याचं पोतं किंवा कचराकुंडी असली की नळ्या कुरतडलेल्या दिसतातच. दातांच्या खुणा आणि लेंड्या सापडल्या तर आसपासच्या वायरीही बघून घ्या.

आता दुरुस्ती. चीर टोकाला असेल आणि नळीला थोडी ढील असेल तर नवीन काही लागत नाही. कटरनं चिरलेला तुकडा आडवा, सरळ कापून टाका. नळीचं उरलेलं टोक कपभर कडक पाण्यात अर्धा मिनिट बुडवा आणि मऊ झालं की जोडावर पूर्ण दाबून बसवा. लाइटरनं तापवू नका. नळी एका बाजूनं वितळते, आणि बोनेटखाली पेट्रोलची वाफ असू शकते. जुनी नळी जोडावरून ओढून काढायची नाही, जुनं प्लॅस्टिकचं तोंडच तुटून हातात येतं. पात्यानं नळीला उभी चीर देऊन सोलून काढा, पण पातं जोडाला लागू देऊ नका. जोडावर ओरखडा पडला की नवी नळीही त्याच रेघेतून पाझरते.

चीर मध्येच असेल तर तेवढा तुकडा कापून दोन टोकं सरळ जोडानं जोडता येतात. पण सगळी नळी कडक झाली असेल तर ठिगळ लावत बसू नका, पूर्ण बदला. जुन्या नळीचा वीतभर तुकडा आणि टी-जोड खिशात घालून सोलापुरातल्या मेकॅनिक चौकाकडे किंवा तुमच्या भागातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात जा. ‘वॉशरची नळी द्या’ एवढंच म्हणालात तर दुकानदार विचारणार, ‘कितीची मामा?’ तुकडा समोर ठेवा, तो बोटांत धरूनच सांगेल. शक्यतो काळी रबरी नळी घ्या, लांबी जुन्या नळीपेक्षा वीतभर जास्त. फुटाच्या भावानं मिळते, फार महाग नसते. माशांच्या टाकीची पारदर्शक नळी किंवा सलाइनची नळी लावायचा जुगाड सगळीकडे चालतो. अडल्या वेळी लावा, घरी पोहोचाल. पण आपल्या उन्हाळ्यात बोनेटखाली ती मऊ पडून दुमडते आणि पुढे कडक होऊन तडकते.

नवी नळी ओढताना सोपी युक्ती आहे. जुन्या नळीच्या टोकाला नवी नळी चिकटपट्टीनं घट्ट जोडा आणि दुसऱ्या टोकानं जुनी ओढा. नवी आपसूक त्याच रस्त्यानं येते. वाटेत कुठेही ती इंजिनाला, सायलेन्सरच्या नळकांड्याला किंवा पंख्याला टेकता कामा नये. बिजागरीपाशी थोडी जास्त ढील ठेवा आणि बोनेट हळूच मिटून चिमटली जात नाही ना ते बघा. जोडांवर बारीक प्लॅस्टिक टाय आवळली तर चांगलं, पण बेताची. टाय फार आवळली तर नळी तिथंच कापली जाते.

नोझल

सोलापूरकरांना गीझर आणि कूलरमुळे पाण्यातला क्षार काय असतो हे शिकवायची गरज नाही. बोअरचं जड पाणी वॉशरमध्ये गेलं की नोझलच्या टोकाला प्रत्येक वेळी एक थेंब उरतो, उन्हात वाळतो आणि मागे पांढरी पापुद्री ठेवतो. टाचणीच्या टोकाएवढं ते भोक, त्याला बुजायला किती वेळ लागणार?

नोझलखालची नळी काढा आणि तिचं तोंड टबात धरून दांडी ओढा. नळीतून जोरात धार आली तर दोष नोझलचा. नळीतूनच पाणी संथ येत असेल तर मागे कुठेतरी अडथळा आहे; तसंच मागे मागे एकेक जोड सोडत या.

चोंदलेलं नोझल पहिल्या झटक्यात सुईनं खुपसू नका. जाड सुईनं भोक मोठं होतं आणि धार काचेवर न जाता पुढच्या बोनेटवरच ओघळते. काही नव्या पद्धतीच्या नोझलमधून पंख्यासारखा पसरट फवारा येतो, त्यांच्यात तर सुई अजिबात घालू नये, आतली रचना मोडते. आधी क्षार विरघळवा. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व एक चमचा, अर्धा कप कोमट पाण्यात. पांढरं व्हिनेगरही चालतं. नोझल सुटत असेल तर काढून त्यात तासभर बुडवा; बारीक बुडबुडे यायला लागले की क्षार सुटतोय. मग सिरिंजनं उलट्या बाजूनं, म्हणजे बाहेरच्या भोकातून आत, साधं पाणी दाबा. घाण ज्या वाटेनं आली त्याच वाटेनं परत गेली पाहिजे, नाहीतर ती भोकात आणखी घट्ट बसते.

नोझल काढायला बोनेटच्या आतून त्याचे दोन पंख पकडीनं अलगद दाबून वर ढकलावं लागतं. वीस वर्षांचं प्लॅस्टिक उन्हानं ठिसूळ झालेलं असतं, म्हणून आधी गरम पाण्यात पिळलेलं फडकं दोन मिनिटं ठेवा. तुटलंच तर वाईट वाटून घेऊ नका, नवं नोझल स्वस्त असतं. काढायची हिंमत होत नसेल तर जागेवरच करा. बोनेटच्या रंगावर ओलं फडकं अंथरा, खालून सिरिंजनं लिंबूसत्त्वाचं पाणी भरा, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि भरपूर साध्या पाण्यानं धुऊन काढा. हे पाणी बाटलीत ओतून मोटरमधून फिरवण्याची युक्ती कुणी सांगेल. मोटरला आणि रबराला ते बरं नाही, मी करणार नाही.

पंक्चरवाल्याकडची हवा मारून घ्यायचा मोह होतो. सुटं काढलेलं नोझल असेल तर मारा. नळी जोडलेली असताना मारलीत तर आतल्या आत दुसराच जोड निसटतो, आणि तो शोधायला अर्धा दिवस जातो.

नोझलच्या आत गोळी असेल तर टाचणीचं टोक भोकात हलकेच अडकवून गोळी फिरवता येते. धार काचेच्या मधोमध, किंचित वर पडेल अशी ठेवा. गाडी वेगात असताना वाऱ्यानं ती खाली दबते. उभ्या गाडीत अगदी नजरेसमोर पडणारी धार हायवेला वायपरच्या मुळाशी येते.

मोटर आणि तिचं रबर

बाटलीच्या बुडाशी पाणी असेल तर मोटरभोवती बोट फिरवा. बोट रबराच्या कडेनं ओलं झालं तर बुश गेला. मोटरच्या अंगातून, वायरीच्या बाजूनं ओलं झालं तर मोटरच गेली. तिच्या आतलं सील बदलायच्या फंदात पडू नका.

बाटली रिकामी करा (सिरिंजनं ओढून किंवा बाटलीच काढून), वायरीची क्लिप खटका दाबून सोडा, वायर धरून ओढू नका. मोटर थोडी थोडी फिरवत वर किंवा बाहेर ओढली की सुटते. मागे राहिलेला रबरी बुश हातानं काढा. त्यालाच किंवा मोटरच्या तोंडाला बारीक जाळी असते, आणि तिच्यावर हिरवट-काळा चिकट थर सापडेल. ते शेवाळ. नुसतं साधं पाणी महिनोन्‌महिने बाटलीत राहिलं की धरतं. जाळी जुन्या दात घासायच्या ब्रशनं साफ करा. बाटली काढलीच आहे तर मूठभर जाडं मीठ आणि थोडं पाणी घालून खळखळून हलवा, आणि मीठ पूर्ण निघेपर्यंत तीन-चार वेळा धुवा.

नवा बुश बसवताना शाम्पूचं पाणी लावा. ग्रीस, इंजिन ऑइल, खोबरेल काही लावू नका. तेलानं हे रबर फुगतं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा सैल होतं. भोकाची कड स्वच्छ पुसा, क्षार असेल तर नखानं खरवडा. मोटर सरळ दाबून बसवा, तिरकी बसली तर एका बाजूनं झिरपते. सिलिकॉन सीलंटचा थर लावून जुनाच बुश चालवणारे आहेत. काही दिवस निघतात, पण ते फार टिकत नाही. बुश नवा घेणंच शहाणपणाचं.

मोटर आवाजच करत नसेल तर आधी फ्यूज. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर नकाशा असतो; बऱ्याच गाड्यांत वायपर आणि वॉशर एकाच फ्यूजवर असतात, म्हणून वायपर चालत असेल तर त्या गाडीत फ्यूज ठीक. मग वायरीची क्लिप उघडून बघा, आत हिरवा गंज असेल तर घासून काढा. दांडी ओढल्यावर क्लिपमध्ये टेस्टरचा बल्ब लागतो आणि मोटर गप्प, तर मोटर बदला. नवी मोटर घुरघुरते पण धार मंद, असं झालं तर दोन वायरी उलट्या लागल्यात का बघा; उलटी फिरली तरी ही मोटर थोडं पाणी ढकलते, त्यामुळे फसायला होतं.

बाटलीला तडा

प्लॅस्टिकवर इन्स्टंट गोंद, एम-सील वगैरे लावून आठवडाभर समाधान मिळतं. या जातीचं प्लॅस्टिक कुठल्याच साध्या गोंदाला धरत नाही, त्यात बोनेटखालचा थरथराट. बंपर जोडणारे कारागीर गरम खिळ्यानं प्लॅस्टिक वेल्डिंग करून देतात, ते टिकतं. नवीन किंवा चांगल्या अवस्थेतली जुनी बाटली मिळत असेल तर मी तीच घेईन. तडा वरच्या भागात असेल तर आणखी सोपं: पाणी त्या खुणेच्या खालीच भरायचं.

नरडं वेगळं आणि बाटली वेगळी असलेल्या गाड्यांत मधल्या रबराच्या कडीतून फक्त काठोकाठ भरल्यावर गळतं. तिथं दोन बोटं कमी भरलं की काम झालं.

मागच्या काचेचं पाणी

मागे वॉशर असलेल्या गाडीत ही नळी पायदानाखालून किंवा छताच्या अस्तरातून मागपर्यंत जाते. ती आत निसटली तर बाहेर काहीच दिसत नाही, फक्त गालिचा ओला, कुबट वास आणि काचा आतून धुरकट. मागच्या दाराच्या बिजागरीतल्या रबरी नळकांड्यात ती बहुतेक वेळा तुटते, कारण तिथंही ती रोज वाकते. त्याच नळकांड्यात मागच्या दिव्यांच्या वायरी असतात, म्हणून तिथली गळती मागे टाकू नका. लगेच दुरुस्त करायला वेळ नसेल तर मागे जाणारी नळी इंजिनाच्या बाजूलाच सोडा, तोंडात बेताचा स्क्रू फिरवून बंद करा आणि मागचं बटण दाबू नका.

कोणतं पाणी भरायचं

बोअरचं नको. घरच्या आरओ मशिनचं शुद्ध पाणी किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी उत्तम. आरओतून बाहेर फेकलं जाणारं पाणी मात्र भरू नका, त्यात क्षार उलट जास्त असतो. घरच्या एसीचं पाणी बादलीत जमवत असाल तर ते दोनदा कापडातून गाळून वापरा. त्यात क्षार नसल्यासारखेच असतात, फक्त धूळ असते. लिटरला शाम्पूचे चार-पाच थेंब पुरेत. कपड्यांची पावडर टाकली की ती नोझलमध्ये बसते आणि काचेवर पांढरे ओघळ राहतात. तयार वॉशर लिक्विड घेतलं तरी चालेल. परदेशी व्हिडिओत पाणी गोठू नये म्हणून रसायनं टाकायला सांगतात, त्याची सोलापुरात काडीची गरज नाही.

सगळं जोडून झालं की रंगाचं पाणी काढून टाका, बाटली भरा, बोनेट मिटा आणि दांडी चार-पाच वेळा थोडी थोडी ओढा. पहिल्यांदा नळीतली हवा निघेपर्यंत नोझल फुसफुसतं. दर वेळी पाणी यायला दोन-तीन सेकंद लागत असतील तर नळीतलं पाणी बाटलीत परत उतरतंय. मधला व्हॉल्व्ह बदला, आणि त्यावरचा बाण नोझलकडे ठेवा. मग पुन्हा चिकटपट्टीची खूण आणि रात्रभर खाली पेपर.

इतकं करूनही गळती सापडली नाही, किंवा बाटली गाठायला बंपर उतरवावा लागत असेल, तर गाडी मिस्त्रीकडे न्या. पण ‘वॉशर चालत नाही’ असं सांगू नका. ‘उभ्या गाडीत पातळी उतरत नाही, दांडी ओढली तरच डाव्या चाकाच्या पुढे पाणी पडतं, नोझल साफ आहे, मोटरला करंट येतो,’ असं सांगा. बाटलीचा खर्च तिथंच वाचतो.